खटपट : बारा व्होल्ट आहेत, पण कुलूप लागत नाही!

मुलांनो,

गेल्या वेळी आपण बंद पडलेला टॉर्च उघडून पाहिला होता. आज जरा मोठा टॉर्च उघडायचा आहे. मोटारगाडी! घाबरू नका, अख्खी गाडी नाही, फक्त तिच्या दारांची कुलपं. आता ही कुलपं विजेवर चालतात. म्हणजे बॅटरी आली, वायर आली, बटण आलं. टॉर्चच की तो! मात्र हे सुचलं कशावरून ते आधी सांगते. सांगताना माझ्या पोटात अजून गोळा येतो.

आम्ही मुरुडला राहतो. गच्चीवरून समुद्रातला पद्मदुर्ग दिसतो. माझे मोठे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, घरच्या दोन खोल्या पर्यटकांना राहायला देतात. त्यांच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. ही गाडी कोणती ते आईबाबांना विचारा, ते बराच वेळ बोलत बसतील. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. भाऊजींच्या गाडीला कारखान्यातून विजेची कुलपं आलेली नाहीत. ती आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेली. मग गेल्या मे महिन्यात, पाहुण्यांचं सामान गाडीत असतं म्हणून, भाऊजींनी चोरगजरही बसवून घेतला. म्हणजे रिमोटचं बटण दाबलं की ‘पीक’ असा आवाज होतो, चारी दारांना एकदम कुलूप लागतं, आणि कुणी दार उघडायला गेलं की सायरन कोकलतो.

पण पहिल्या दिवसापासून काहीतरी बिनसलं होतं. मागचं डावं दार कधी लागायचं, कधी नाही. “असू दे, नंतर बघू,” असं म्हणत आठ दिवस गेले.

आणि मग ती दुपार. भाऊजींना धाकट्या लेकीला घेऊन राजपुरीला जायचं होतं. लेक चार वर्षांची, आमची छकुली. त्यांनी रिमोटनं कुलूप उघडलं, पुढचं डावं दार उघडून छकुलीला सीटवर बसवलं, किल्ल्यांचा जुडगा तिच्याशेजारी टाकला, दार ओढून घेतलं आणि ओट्यावरची पिशवी आणायला वळले. पिशवी काही जागेवर नव्हती. ती शोधून ते परत येतात तोच ‘खट्!’ चारी दारं बंद. किल्ली आत, रिमोट आत, छकुली आत. काचा वर. मे महिन्यातलं दुपारी दोनचं ऊन.

आम्ही सगळे धावलो. छकुली आधी हसत होती. मग आमचे चेहरे पाहून रडायला लागली. “खुंटी वर ओढ, सोनू, खुंटी!” असं आम्ही चौघं चार दिशांनी ओरडत होतो. त्या बिचारीला काय कळणार? जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. भाऊजी काच फोडणार, एवढ्यात छकुलीचा दादा, सातवीतला, ओरडला, “बाबा, मागचं डावं दार! ते लागतच नाही ना!”

आणि खरंच, ते दार उघडंच होतं! सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. छकुली घामानं न्हाली होती, पण बाकी काही नाही. जाऊबाईंच्या हातातला वरवंटा मात्र बराच वेळ सुटेना.

आईबाबांनो, ह्या जागी तुमच्याशी दोन शब्द. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतली हवा दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता बंद गाडीत अडकलेली तीन लहान मुलं दगावली. म्हणून छकुलीची गोष्ट ‘गंमत झाली’ म्हणून मी सांगत नाहीये. पाच वर्षांच्या आतलं मूलही दोन गोष्टी शिकू शकतं: दाराची खुंटी हातानं वर ओढायची, आणि हॉर्न दाबत राहायचं. कुलूप विजेचं असलं तरी खुंटी हातानं उघडतेच. थोडा जोर लागतो एवढंच, कारण तिच्याबरोबर आतली मोटरही सरकवावी लागते. बऱ्याच गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. तुमच्या गाडीचा वाजतो का, ते आजच पाहा. आणि काच फोडायचीच वेळ आली, तर मुलापासून सगळ्यांत लांबची काच, तिच्या कोपऱ्यावर मारून.

संध्याकाळी घरात परिषद भरली. शेजारचे काका म्हणाले, “रिमोटची बॅटरी गेली असेल.” दुसरे म्हणाले, “गजरच फालतू, काढून टाका.” कुणी म्हणालं, “उन्हानं झालं.” मजा अशी, की एकानंही गाडीचं दार उघडून पाहिलं नव्हतं. मी भाऊजींना म्हटलं, “चाचांना बोलवा.”

चाचा म्हणजे आमच्या भागातले गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हातात एक मीटर, एक पक्कड, आणि दोन लांब वायरी जोडलेला गाडीच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब. बस्स. मी छकुलीच्या दादाला वही घेऊन शेजारी बसवलं. म्हटलं, चाचा जे मोजतील ते लिही.

चाचांनी गजराला हातच लावला नाही. आधी फ्यूजची पेटी उघडली. कुलपाचा फ्यूज बाहेर काढला आणि आम्हाला दाखवला. त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली!

आता फ्यूज म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. वाजवीपेक्षा जास्त वीज वाहू लागली की आतली पातळ पट्टी वितळते आणि रस्ता तुटतो. वायर जळण्याआधी आपण जळायचं, हे त्याचं काम. कुलपाचा फ्यूज होता १५ अँपिअरचा, निळा. (हे फ्यूज रंगांवरून ओळखतात : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.) उडालेल्या फ्यूजला चांदी गुंडाळली की तो कधीच उडत नाही. मग काय उडतं? दाराच्या आतली वायर, तिच्यावरचं प्लॅस्टिक, शेजारचं कापड. चाचांनी तो चिमटीत धरला, नवा निळा फ्यूज बसवला, आणि म्हणाले, “बाई, फ्यूज गेला म्हणजे कुठेतरी चुकलंय. त्याचं तोंड बंद करून कसं चालेल? हा का गेला ते आधी बघू.”

हे कळायला आपल्याला दाराच्या आत डोकावलं पाहिजे.

दाराच्या आत एक छोटी मोटर असते. तुमच्या खेळण्यातल्या गाडीत असते ना, तिचीच थोरली बहीण. तिला बॅटरी एका बाजूनं जोडली की दांडा खाली जातो, कुलूप लागतं. उलट्या बाजूनं जोडली की दांडा वर, कुलूप उघडतं. म्हणजे दोनच वायरी, पण कधी ही धन, तर कधी ती धन. हे अदलाबदलीचं काम करते डॅशबोर्डच्या खाली असलेली एक डबी. ती डबी अर्ध्या-पाऊण सेकंदापुरतीच वीज सोडते. काम नसताना काय करते? दोन्ही वायरी गाडीच्या लोखंडी अंगाशी, म्हणजे ‘अर्थ’शी, जोडून ठेवते. हे नीट लक्षात ठेवा, इथंच सगळी गोम आहे.

ड्रायव्हरच्या दारात मात्र पाच वायरी असतात. दोन जाड, मोटरच्या. आणि तीन बारीक. आपण किल्ली फिरवली की दाराच्या आतलं एक छोटं बटण सरकतं आणि त्या तीन वायरींतून डबीला निरोप जातो : “सगळ्यांना कुलूप लाव.” जाड वायर म्हणजे काम करणारी, बारीक वायर म्हणजे निरोप देणारी.

गजर बसवणाऱ्याला गजराच्या वायरी ह्या डबीला जोडायच्या असतात. कुठल्या वायरीला जोडायच्या? बरेच जण रंग पाहून जोडतात. निळी-हिरवी मोटरची, पांढरी-तपकिरी निरोपाची, असं एका संचात असेल, तर दुसऱ्यात तसंच असेल असं नाही. आणि आधी कुणी दुरुस्ती करून हाताला लागेल ती वायर मधे जोडली असेल तर विचारूच नका! माझ्या वर्गात जुळी भावंडं होती. सदऱ्याच्या रंगावरून मी त्यांना ओळखायची. एक दिवस दोघांनी सदरे बदलले आणि माझी पुरती फजिती झाली. वायरीचं तसंच आहे. म्हणून चाचा रंग पाहत नाहीत, मीटर लावतात.

मीटरची काळी दांडी गाडीच्या लोखंडाला, लाल दांडी वायरीला, काटा... नाही, आता काटा नसतो, आकडे येतात. चाचांनी मीटर २० व्होल्टच्या खुणेवर ठेवला. वहीत नोंद झाली ती अशी. एक बारीक वायर : दार उघडं असताना १२, कुलूप लावलं की ०. दुसरी बारीक वायर : बरोबर उलट. ह्या झाल्या निरोपाच्या. म्हणजे डबीला निरोप कसा जातो? वायर अर्थला टेकवून. जाड वायरी : दोन्ही ०. किल्ली फिरवली तरी मीटरवर आकडा नुसता लुकलुकला आणि गेला. दादा म्हणाला, “ह्यात वीजच नाही!” चाचा हसले. अर्ध्या सेकंदात मीटरला आकडा जुळवायला सवडच मिळत नाही. त्यांनी बल्बची एक वायर त्या जाड वायरीला आणि दुसरी लोखंडाला लावली आणि पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. बल्ब झपकन चमकला!

(मग सगळीकडे बल्बच का नाही लावायचा? कारण बल्ब बरीच वीज खातो. नाजूक इलेक्ट्रॉनिक डबीच्या निरोपाच्या वायरीवर तो लावला, तर डबी कायमची झोपू शकते. मीटर जवळजवळ काहीच खात नाही. मीटरचा हा सद्‌गुण पुढे आपल्याला फसवणार आहे, पाहाच.)

जाड वायरींवर चाचांना टेपचे दोन जुने तुकडे सापडले. टेप सोडवला तर आत वायर सोललेली. “बघा, ह्यानं आधी इथं जोडलं होतं,” चाचा म्हणाले. गजरातून येणारी १२ व्होल्टची वायर त्यानं जाड वायरीला जोडली असणार. पण जाड वायर तर शांत असताना अर्थला बांधलेली! म्हणजे बॅटरीच्या एका टोकाकडून निघालेली वीज कुठलंही काम न करता थेट दुसऱ्या टोकाला. ह्यालाच शॉर्ट म्हणतात. फ्यूज उडाला, दुसरा टाकला, तोही उडाला असेल. मग कंटाळून चांदी. नंतर कधीतरी त्याला बारीक वायरी सापडल्या आणि काम झालं, पण चांदी तशीच राहिली आणि सोललेल्या वायरी नुसत्या टेपात. (ज्यांना जाड वायरींतूनच काम करून घ्यायचं असतं, त्यांना ती वायर मधे कापून रिलेतून न्यावी लागते. रिले म्हणजे चुंबकावर चालणारं बटण. गाडीत ‘टिक्’ आवाज येतो ना, तो बरेचदा त्याचाच. आपल्याला त्याची गरज पडली नाही.)

म्हणजे फ्यूजचा गुन्हेगार सापडला. पण मागचं डावं दार?

इथं चाचांनी मला फार आवडलेली गोष्ट केली. दाराचं आतलं पॅड काढलं, मोटरचा सांधा सोडवला आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावल्या. खट्! उलट लावल्या. खट्! म्हणजे मोटर चांगली. मग नवी मोटर घेण्याचे पैसे वाचले. आता उरली वायर. ती दोन्ही टोकांना सोडवून एका टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट दिले आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावला. मीटर म्हणाला : १२.४. दादानं वहीत लिहिलं, “वायर चांगली.” मलाही तसंच वाटलं. मोटर चांगली, वायर चांगली, आणि कुलूप लागत नाही! डी.एड.ला असताना आम्ही पुठ्ठ्यावर बल्ब-सेलची मंडलं करायचो, तेव्हा असं कोडं कधी पडलं नव्हतं.

चाचांनी मीटर काढून त्याच जागी बल्ब लावला. दुसरी वायर अर्थला. बल्ब मिणमिणला. देवघरातल्या निरांजनाएवढासुद्धा उजेड नाही.

आता विचार करा बरं, काय झालं असेल?

तुमच्या नळाला पाणी येत नाही अशी कल्पना करा. तोटीच्या आत कचरा अडकलाय, थेंबच काय तो येतो. तुम्ही तोटीखाली वाटी ठेवली तर ती सावकाश का होईना भरते. बादली मात्र भरता भरता संध्याकाळ. मीटर ही वाटी आहे. त्याला थेंब पुरतो. मोटरला धार लागते. गणितानं पाहू या. आमच्या मोटरचा रोध धरा ३ ओहम. चांगल्या वायरीतून १२ व्होल्ट आले तर वीज वाहणार १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. वायर आत कुजली आणि तिचा रोध झाला समजा ९ ओहम. आता एकूण रोध १२ ओहम, वीज फक्त १ अँपिअर. मोटरच्या वाट्याला १ गुणिले ३, म्हणजे ३ व्होल्ट! बाकीचे ९ व्होल्ट वायरीनंच खाल्ले. पण वीज वाहतच नसेल, नुसता मीटर लावला असेल, तर वायर काही खात नाही आणि मीटर इमानदारीनं बारा दाखवतो. मोठ्या वर्गातल्या मुलांनी हे ओहमच्या नियमानं पुन्हा करून पाहावं. चौथी-पाचवीतल्यांनी वाटी-बादली लक्षात ठेवली तरी पुरे.

मग वायर कुठे कुजली? चाचांनी सरळ दार आणि खांब ह्यांच्या मधल्या रबरी नळीला हात घातला. तिथंच का? दार उघडताना-मिटताना तेवढीच जागा वाकते. दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षं. बसवणाऱ्यानं वायर तिथं ताणून ठेवली होती, सैल सोडली नव्हती. नळी चिरलेली. आत वायरीचे बहुतेक तंतू तुटलेले, दोनच शिल्लक, आणि तेही हिरवे! तांब्याची भांडी ओली राहिली की त्यांवर हिरवट कीट चढतो ना, तोच. आमच्याकडे तर खारा वारा. समुद्राकडच्या खिडक्यांचे गज पाहता पाहता गंजतात, सायकलची साखळी पावसाळाभर रडते. मग त्या वायरीची काय कथा!

चाचांनी बॅटरीची ऋण वायर सोडवली. (नेहमी ऋण आधी. कारण गाडीचं सगळं लोखंड ऋणाला जोडलेलं असतं. धन आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून लोखंडाला टेकला, तर ठिणग्यांची आतषबाजी.) खराब तुकडा कापून नवी वायर घातली, सांधा नळीत न ठेवता दाराच्या आत, कोरड्या जागी घेतला, डाख दिला, वर आवळून बसणारी नळी चढवली आणि वाकायच्या जागी वायर चांगली सैल ठेवली. जोडून बल्ब लावला. लखलखीत!

पण जाऊबाई मघापासून गप्प उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “चाचा, ते दार नका दुरुस्त करू. त्याच दारानं माझी पोर बाहेर आली.”

कुणालाच काही बोलता येईना. खरंच होतं ते. एका बिघाडानं छकुलीला कोंडलं होतं आणि दुसऱ्या बिघाडानं सोडवलं होतं. मग चाचा म्हणाले, “वहिनी, ते दार कधी लागतं, कधी नाही. काल लागलं असतं तर? कोंडलं कुणी, ते शोधू. मग भीती राहणार नाही.”

तर मुलांनो, शेवटचं आणि सगळ्यांत मोठं कोडं : गाडीनं आपोआप कुलूप का लावलं?

चाचांनी भाऊजींना कालचं सगळं पुन्हा करायला लावलं. अर्थात गाडी रिकामी, काच उघडी, दुसरी किल्ली खिशात. रिमोटनं कुलूप उघडलं. पुढचं डावं दार उघडलं, मिटलं. मी घड्याळात पाहत होते. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. खट्! जाऊबाई दचकल्याच.

भाऊजी म्हणाले, “पण रोज असं होत नाही!” सगळे विचारात पडले. आणि दादा म्हणाला, “बाबा, रोज तुम्ही आधी तुमचं दार उघडता.”

त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडून पुन्हा प्रयोग केला. तीस सेकंद झाले, चाळीस झाले, साठ झाले. कुलूप लागलं नाही. चाचांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीच्या छताकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की छतातला दिवा लागत होता. पुढचं डावं दार उघडलं की लागत नव्हता. हे आम्ही सगळे महिनोन्‌महिने पाहत होतो आणि कुणाच्याही डोक्यात काही आलं नव्हतं.

दाराच्या चौकटीत एक छोटी खुंटी असते, दार मिटलं की दबणारी. दार उघडलं की ती बाहेर येते आणि छतातला दिवा लावते. गजर बसवताना त्याची एक वायर ह्याच खुंटीच्या वायरीला जोडतात. गजराला दार उघडल्याचं कळतं ते तिच्यामुळेच. आता बऱ्याच गजरांत एक सोय असते. रिमोटचं बटण खिशात चुकून दाबलं गेलं आणि कुलूप उघडलं, पण कुणी दार उघडलंच नाही, तर अर्ध्या मिनिटानं गजर आपणहून पुन्हा कुलूप लावतो. चोरापासून राखण म्हणून. चांगली सोय आहे. पण आमच्या गाडीची डावी खुंटी गंजून आत अडकली होती. भाऊजींनी दार उघडलं, छकुलीला बसवलं, दार मिटलं, आणि गजराच्या लेखी दार उघडलंच गेलं नव्हतं! बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं.

नवी खुंटी बाजारात मिळाली, चहा-भजीच्या पैशात. ती बसवली, छतातला दिवा लागला, पुन्हा घड्याळ लावलं. दीड मिनिट थांबलो. शांतता.

आता तुमच्यासाठी खटपट. गाडीच्या वायरींना तुम्ही हात लावायचा नाही, आणि घरातल्या विजेच्या प्लगला तर मुळीच नाही. तुमचं सामान म्हणजे दोन साधे सेल, मोडक्या खेळण्यातली मोटर आणि जुन्या टॉर्चचा तारेचा बल्ब. (एलईडी नको, तो उलटा जोडला तर लागतच नाही.) मोटरच्या दांड्याला कागदाचं निशाण चिकटवा, सेल सुलटे आणि उलटे जोडा, निशाण कुणीकडे फिरतं ते पाहा. हेच तुमचं कुलूप. मग बल्ब नीट पेटवा आणि वायरीच्या मधे दोन्ही टोकांनी तासलेली आखूड पेन्सिल जोडा. शिशातून वीज जाते, पण कुरकुरत. ही तुमची कुजलेली वायर. बल्बचं काय होतं? कुणाकडे मीटर असेल तर आधी बल्ब न लावता आणि मग लावून व्होल्ट मोजा, आणि दोन्ही आकडे मला पत्रात कळवा.

ज्यांच्या घरी नवी गाडी आहे त्यांनी एक लक्षात घ्या. तिथं निरोपाची वायर अशी साधी नसते. दोन पीळ घातलेल्या वायरींवरून सगळे निरोप आकड्यांच्या भाषेत धावतात. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तिथं अंदाजानं वायर सोलून जोडली तर कुलूप राहिलं बाजूला, गाडीच रुसू शकते. आणि स्टिअरिंगजवळच्या पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा त्या बहुतेक नव्या गाड्यांत सापडतील. त्यांना कारागिरानंसुद्धा मीटर लावायचा नसतो. आईबाबांनी गजर बसवून घेताना शेजारी उभं राहावं, फ्यूज काढून पाहावा, आणि चारी दारं एकेक करून उघडून छतातला दिवा कुठल्या दारांना लागतो ते बघावं. आमच्या मारुतीत तो पुढच्या दोनच दारांना लागतो, म्हणून भाऊजी आता मागचं दार उघडायच्या आधी स्वतःचं दार उघडतात.

दादाच्या वहीत मी ‘उत्तम’ असा शेरा दिला. त्यानं ‘वायर चांगली’ हे खोडलं नाही, त्याच्याखाली नुसतं लिहिलं, ‘बल्ब लावल्यावर नाही.’ छकुली खुंटी ओढायला शिकली आहे आणि दिवसातून दहा वेळा ओढून दाखवते. आणि मारुतीची दुसरी किल्ली, जी इतकी वर्षं कपाटात कुलपाआड होती, ती जाऊबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली आहे. तिच्याखालीच वरवंटा असतो.